विचारल्यावरून सांगतो

४ सप्टेंबर, सोमवार
उद्या कुणी म्हणायला नको की तारादने आधी सांगितलं नव्हतं, म्हणून ही वही. जे सांगेन ते रोज टिपून ठेवणार.

आमची जुनी पोलीसचौकी सहा वर्षं बंद आहे. ती एका सिनेमा कंपनीने भाड्याने घेतलीय. दिग्दर्शिका आज घरी आली, पेरीन जुबो नाव. पस्तिशीची असेल, पायात दोन वेगवेगळ्या रंगांचे मोजे. तिला पोलिसांच्या कामाचा सल्लागार हवाय. नगरपालिकेत कुणीतरी माझं नाव सुचवलं. बत्तीस वर्षं नोकरी, त्यातली वीस जबाब नोंदवण्यात. माझ्या एकाही जबाबावर कोर्टात कधी बोट ठेवलं गेलं नाही, हेही तिला सांगितलं. ती म्हणाली, "वा!" आणि माझी बायको ह्युगेत हिने केलेल्या बटाट्याच्या पाईचा तिसरा तुकडा घेतला.

संध्याकाळी पटकथा वाचली. एक माणूस स्वतःची छत्री हरवल्याची तक्रार द्यायला चौकीत येतो. निरीक्षक त्यालाच बसवून घेतो आणि दीड तास चौकशी करतो, की छत्री हरवली तेव्हा छत्री नेमकी कुठे होती. कपाटात एक बकरी आहे. का आहे ते शेवटपर्यंत कळत नाही.

ह्युगेत माझ्या खांद्यावरून वाचून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मी म्हणालो, "यात हसण्यासारखं काय? सगळी चौकशी चुकीच्या क्रमाने चाललीय."
"म्हणूनच तुला बोलावलंय, आन्सेल्म," ती म्हणाली आणि पुन्हा हसायला लागली.

काम घेतलं. सुधारणा करायला भरपूर वाव आहे.

६ सप्टेंबर, बुधवार
पहिला दिवस. चौकीतल्या भिंती होत्या त्याच फिकट हिरव्या रंगाने पुन्हा रंगवल्यात. माझी जबाबाची खोली ओळखीची वाटली. खिडकीची कडी अजून तशीच अडकते.

बकरीबद्दल लेखी हरकत घेतली. जनावर जप्त मुद्देमाल असेल तर त्याला क्रमांकाची चिठ्ठी हवी, तारीख आणि सही हवी. पेरीन माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने सामानवाल्यांना ओरडून सांगितलं, "बकरीला चिठ्ठी लावा! तारीख घाला, सही घाला!" सगळे टाळ्या वाजवायला लागले. निदान एक गोष्ट तरी नियमाप्रमाणे झाली.

दुपारी जेवणाच्या तंबूत घोटाळा. माझ्या दर्जाच्या माणसाला खात्यात 'शेफ' म्हणतात, तेच इथेही सुरू झालं. स्वयंपाकीणबाईंनी ऐकलं आणि मला कढईपाशी नेऊन विचारलं, "शेफ, सॉस जरा पातळ झालाय का?" मी चाखून बघितला. पातळच होता.

१० सप्टेंबर, रविवार
चर्चमागच्या मैदानात पेतांक खेळलो. माझे लोखंडी गोळे आज चांगले पडत होते. फिर्मँ शाझेल तिथे होता. मी पिशवी खाली ठेवली आणि त्याने आपले तीन गोळे पुसून डब्यात भरले, जॅकेट उचललं नि निघाला. हे नेहमीचंच. मैदानावरचे इतर लोक त्या वेळी आकाशाकडे बघतात.

काही माणसं मनात धरून ठेवतात त्याला इलाज नाही. शाझेल फर्निचरच्या कारखान्यात राखणदार होता. चौऱ्याऐंशीच्या फेब्रुवारीत कारखाना जळाला. जबाब मी घेतला. निघताना राखणदाराच्या खोलीतली कोळशाची शेगडी त्याने पेटलेली ठेवली होती, हे त्याने स्वतःच कबूल केलं. निष्काळजीपणाबद्दल आठ महिने आत होता. सुटून आल्यावर गावात कुणी त्याच्या हाती किल्ली दिली नाही. हे वाईट झालं, पण त्यात माझा काय दोष? मी लिहून घेणारा होतो.

१२ सप्टेंबर, मंगळवार
आज माझ्या विषयाचा दिवस. निरीक्षकाचं काम करणारा लोइक हा नट दहाही बोटांनी टंकलेखन करत होता, पियानो वाजवल्यासारखं. त्याला दोन बोटांवर आणला. मग जबाब कसा लिहितात ते शिकवलं.

प्रश्न लिहायचे नाहीत. कागदावर फक्त उत्तर, तेही 'मी'ने सुरू होणारं. माणूस म्हणतो, "हो, बहुतेक, मला वाटतं मंगळवारच असेल." आपण लिहायचं, 'विचारल्यावरून सांगतो की तो मंगळवार होता.' कोर्टाला 'बहुतेक' वाचायला वेळ नसतो. शेवटी, 'जबाब वाचून पाहिला, त्यावर ठाम आहे व सही करतो.' झालं.

"म्हणजे 'मी' तो, पण लिहिता तुम्ही?" लोइकने विचारलं.
"असंच लिहायची पद्धत आहे."
त्याने ते वाक्य आपल्या वहीत उतरवून घेतलं. मुलगा मेहनती आहे.

पेरीनला नमुन्यासाठी खरा जबाब हवा होता. इथे खरं लिहितो, वही माझीच आहे. माझ्या चांगल्या जबाबांच्या कार्बन प्रती मी घरी नेत असे. नियमात बसत नाही, पण सुताराला आपली खुर्ची ठेवावीशी वाटणार नाही का? तळघरातल्या खोक्यात एकवीस प्रती निघाल्या. त्यांतली सर्वांत नेटकी निवडली. अकरा 'विचारल्यावरून', एकही खाडाखोड नाही. शाझेलची आहे. नाव-गाव काळ्या शाईने पुसून टाकलं.

१३ सप्टेंबर, बुधवार
छत्रीवाल्या माणसाचं काम जिल्दास करतो. लांब मानेचा, शांत, रंगभूमीवर वीस वर्षं काढलेला माणूस. त्याला माझा नमुना पाठ करायला दिला होता. फक्त दीड पान. सकाळी तो माझ्यापाशी येऊन बसला.

"शेफ, मला हे पाठ होत नाही."
"सोपं आहे की. वाक्यं आखूड आहेत."
"हो, पण यात माणूस नाही. हा सातवा परिच्छेद बघा. 'विचारल्यावरून सांगतो की मी निघालो तेव्हा शेगडी पेटलेली होती.' हे कुणी आपण होऊन म्हणतं का? आधी काय विचारलं होतं?"
"शेगडीबद्दल विचारलं होतं."
"पण कोणत्या शब्दांत? शब्द कळल्याशिवाय उत्तर तोंडात कसं बसणार?"

पेरीन मागून ऐकत होती. तिचे डोळे चमकले. मी अकराही प्रश्न लिहून आणावेत, मंगळवारी तो प्रसंग घेऊ, असं ठरलं. मी म्हणालो, नक्की आणतो. जबाब माझा आहे, त्याचे प्रश्न मला नाही तर कोणाला माहीत असणार?

१६ सप्टेंबर, शनिवार
दोन दिवस बसलोय. नाव, वय, कामाची वेळ, कुलूप कोणी लावलं, हे झटपट झालं. खोलीतला पिवळा दिवा आठवला. दारावर ओव्हरकोट टांगला होता तो आठवला. आठ, नऊ, दहा, अकरा झाले. सात अडलाय.

ह्युगेत म्हणाली, "सोडून दे. त्यांना सिनेमा करायचाय, कुणी तुझी परीक्षा घेत नाहीये."
सोडणार नाही. कामात एक प्रश्न कमी ठेवायची मला सवय नाही.

१७ सप्टेंबर, रविवार
सुटलं एकदाचं. सातवा प्रश्न लिहिला: 'आपण निघालात तेव्हा शेगडीची स्थिती काय होती?' स्वच्छ आणि निःपक्षपाती. असाच विचारला असणार. पेतांकला गेलो नाही, डोकं दुखत होतं.

१९ सप्टेंबर, मंगळवार
काय झालं ते क्रमाने लिहितो.

साडेदहाला प्रसंग सुरू. पेरीनने शेगडीच्या जागी छत्री घातली होती, बाकी माझे प्रश्न आणि माझीच उत्तरं. सहापर्यंत सगळं सुरळीत. सातव्याला लोइकने विचारलं, "आपण निघालात तेव्हा छत्रीची स्थिती काय होती?" जिल्दास गप्प. पेरीनने कॅमेरा थांबवला नाही. जिल्दास म्हणाला, "मला आठवत नाही." पटकथेत हे नव्हतं. लोइकने पुन्हा विचारलं. "आठवत नाही, शेफ." लोइक उठला, त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, "पण उघडी असेल ना?" जिल्दासने मान खाली घातली. "असेल. तुम्ही म्हणताय तर असेल."

लोइक जागेवर आला आणि दोन बोटांनी टाइप करत मोठ्याने म्हणाला, "विचारल्यावरून सांगतो की छत्री उघडी होती." कागद काढून पुढे सरकवला. जिल्दासने वाचला आणि वर बघितलं. "मी असं म्हणालो?"
"असंच लिहायची पद्धत आहे," लोइक म्हणाला.

सगळे खो खो हसायला लागले. ध्वनिमुद्रणवाल्याने तर तोंडात स्कार्फ कोंबला. पेरीन मला मिठी मारून म्हणाली, "शेफ, अख्ख्या सिनेमातली ही सगळ्यात मजेदार जागा आहे!"

मला हसू आलं नाही, कारण ते तसंच झालं होतं. चौऱ्याऐंशी साली शाझेलने याच खोलीत कागद वाचून मला हेच विचारलं होतं, आणि मीही हेच उत्तर दिलं होतं. मग त्याने सही केली. सातवा प्रश्न मी पाच-सहा वेळा विचारला होता आणि प्रत्येक वेळी तो म्हणाला होता, आठवत नाही. शेवटी मीच म्हणालो, पेटलेली असेल ना? रविवारी मी तो स्वच्छ करून लिहिला. तेव्हा उत्तर स्वच्छ केलं होतं, आता प्रश्न.

लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

२० सप्टेंबर, बुधवार
कामावर गेलो नाही. ह्युगेतला सगळं सांगितलं. तिने भाजी निवडता निवडता ऐकलं.

"लोक तुला आणि त्याला एका मैदानावर बघतात तेव्हा काय बोलतात, माहीत आहे?" ती म्हणाली.
"कोण काय बोलतं?"
"सगळेच, की ते उत्तर तू त्याच्या तोंडी घातलंस. बेकरीत, केशकर्तनालयात. तेहतीस वर्षं. तुलाच तेवढं माहीत नव्हतं."
"मग तू का नाही सांगितलंस?"
"मी सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

मी म्हणालो, जुना निकाल फेरतपासायला कोर्टात अर्ज करता येतो. नवीन पुरावा लागतो. मी खरं काय ते लिहून सही केली तर तो पुरावा होईल. मग माझं नाव वर्तमानपत्रात येईल. तळघरातल्या प्रतीही उघड्या पडतील. उरलेल्या वीस जबाबांचं काय, असंही कुणीतरी विचारेल. विचारायलाच हवं.

"खात्याने दिलेलं पदक परत मागतील का?" तिने विचारलं.
"मागतील कदाचित."
"मागू देत. त्यावरची धूळ मीच पुसते." मग तिने चाकू ठेवला. "जा, आन्सेल्म. पण तिथे शिकवायला जाऊ नकोस. तुला ती खोड आहे."

२१ सप्टेंबर, गुरुवार
फिर्मँ शाझेलची बाग कालव्याकाठी आहे, कामगारांना पट्टे वाटून दिलेत त्यांतली. तो वाफ्यातले बटाटे काढत होता. मला बघून ताठ झाला. कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"मैदानावर तुम्ही आलात की मी जातो," तो म्हणाला. "पण ही बाग माझी आहे. इथून मी हलणार नाही. तुम्ही जा."
मी म्हणालो, "जबाबाबद्दल आलोय. सातव्या परिच्छेदाबद्दल."
"मला परिच्छेद पाठ आहेत. तुम्हाला आज आठवला होय?"
"मंगळवारी आठवला."
"मंगळवारी!" तो हसला, पण ते हसू चांगलं नव्हतं. "तुमच्या डायरीत लिहून ठेवा. आठ महिन्यांनंतर माझी बायको मुलीला घेऊन बहिणीकडे गेली ती तिकडचीच झाली, तोही मंगळवारच होता."

मी टाइप करून नेलेला कागद पुढे केला. त्यात सगळं होतं, मी दबाव आणला, उत्तर मी घातलं वगैरे. त्याने तो वाचला, हात मातीचे असल्यामुळे कोपऱ्यात चिमटीत धरून. मग परत दिला.

"चांगला लिहिलाय. नेहमीसारखाच. एकही खाडाखोड नाही."
"सही करून कोर्टात पाठवतो मी."
"कोणाला न विचारता? पुन्हा?"

तो फावडं घेऊन वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला गेला. मी कागद खिशात घालून परतलो. उद्या पुन्हा जाणार. तो हाकलेल तर परवाही.

२२ सप्टेंबर, शुक्रवार
गेलो. हाकललं.

सिनेमावाल्यांकडे जाऊन नमुना परत मागितला. पेरीनला कारण सांगितलं. तिचा चेहरा उतरला. प्रसंग काढून टाकू का, असं तिने आपणहून विचारलं. मी म्हणालो, नको, राहू दे, लोकांना बघू दे. फक्त सल्लागार म्हणून माझं नाव पूर्ण द्या. आन्सेल्म ताराद, ठळक अक्षरात.

२३ सप्टेंबर, शनिवार
आज त्याने फाटक उघडं ठेवलं होतं.

झोपडीत खुर्ची एकच, तिच्यावर तो बसला. मला पालथी बादली दाखवली. समोर फळांचं रिकामं खोकं, त्यावर शाळकरी वही. वहीत पेरणीच्या तारखा होत्या. त्याने कोरं पान काढलं, पेन्सिलीला चाकूने टोक केलं.

"आज मी विचारणार," तो म्हणाला. "तुम्ही उत्तरं द्यायची. आणि मी प्रश्नही लिहिणार आहे. दोन्ही. नाव?"
"तुम्हाला माहीत आहे माझं नाव."
"विचारलंय."
"ताराद, आन्सेल्म."
"धंदा?"
"निवृत्त."
"काय होतात? मंत्री होतात?"
"पोलीस."

तो फार सावकाश लिहितो. एकेक अक्षर कोरतो. मला बादलीवर पाठीत कळ येत होती, पण बोललो नाही.

"माझा जबाब किती वेळ चालला?"
"अकरा तास."
"जेवण?"
"मी जेवलो होतो. तुम्हाला दिलं नव्हतं."

'तुम्हाला' हा शब्द त्याने चुकीचा लिहिला. माझं बोट पुढे जायला लागलं, ते मागे घेतलं. 'जेवण देण्यात आले नाही' हे आटोपशीर झालं असतं. त्याने 'मी जेवलो होतो' असंच लिहिलं, आणि तेच खरं होतं.

"शेगडीचं किती वेळा विचारलंत?"
"पाच-सहा वेळा. नक्की आकडा आठवत नाही."
"आठवत नाही, असंच लिहितो मग." त्याने लिहिलं. "मी काय म्हणत होतो?"
"आठवत नाही, असंच."
"मग?"
"मग मी म्हणालो, पेटलेली असेल ना. तुम्ही म्हणालात, असेल, तुम्ही म्हणताय तर असेल."
"का म्हणालो असेन मी तसं?"
"घरी जायचं होतं तुम्हाला."

पेन्सिल थांबली. त्याचे डोळे ओले झाले होते, माझेही. रुमाल दोघांनीही काढला नाही. मग त्याने पुन्हा वहीत मान घातली.

"शेवटचा. नीट ऐका. मी निघालो तेव्हा शेगडी पेटलेली होती का?"

तेहतीस वर्षं हे उत्तर माझ्या सर्वांत नेटक्या कागदावर आहे. आज दुसरं दिलं.

"मला माहीत नाही. मी तिथे नव्हतो."

त्याने ते जसंच्या तसं लिहिलं, दोन ओळींत, मध्ये जागा सोडून. वही फिरवून माझ्यापुढे ठेवली आणि पेन्सिल माझ्या हातात दिली.

"एवढंच लिहायचं होतं हो, शेफ," तो म्हणाला. "एवढंच."

मी सही केली. पान त्याने स्वतः फाडून चौघडी घातली आणि छातीच्या खिशात ठेवलं. टपालात तोच टाकणार आहे.